पुतळा वाळूचा, बळ पाण्याचं

रत्नागिरीत मांडवीच्या पुळणीवर एक मूर्तिकार वाळूची म्हैस घडवत होते. पाय पोटाशी घेऊन बसलेली, रवंथ करणारी. भर ओहोटी होती. तासभर मी जवळ उभा होतो आणि तेवढ्या वेळात त्यांनी कोरायला हातही लावला नव्हता. बिनतळाच्या लाकडी पेटीत वाळू टाकायची, वर पाणी ओतायचं, धुम्मस घेऊन चोपायचं. थर बसला की पुढचा थर. वाळूशिल्प खरं घडतं ते या चोपण्यात, कोरीवकाम नंतरचं, असं माझं ठाम मत झालं.

कोरडी वाळू कितीही ओता, ढिगाचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवरच थांबतो. त्याहून उभी केली की घसरते. किंचित पाणी मिळालं, की जिथे दोन कण टेकतात त्या बेचक्यात पाण्याचा इवलासा थेंब अडकतो. अळवावरच्या थेंबाला गोल ठेवणारा पृष्ठताण इथेही काम करतो आणि दोन्ही कणांना एकमेकांकडे खेचून धरतो. चोपल्याने कण जवळ येतात, असे सांधे वाढतात.

पण पाणी किती? ॲमस्टरडॅमचे भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं, 2012 साली प्रसिद्धही केलं. सर्वांत भक्कम वाळूला आकारमानाच्या जेमतेम 1 टक्का पाणी पुरतं! जास्त झालं तर थेंब एकमेकांत मिसळतात, कणांमधली हवा निघून जाते, पाण्याला पृष्ठभागच उरत नाही आणि ओढ संपते. म्हणून तर बिनतळाची पेटी: जादा पाणी खाली पुळणीत झिरपून जातं. त्यांनी उंचीचंही गणित मांडलं. खांबाच्या तळाची त्रिज्या 8 पट केली, तर पेलणारी उंची वाढते 4 पटच. बसलेली म्हैस निवडण्यात केवढं शहाणपण होतं, ते मला तेव्हा कळलं.

तिला रंग लावावाच लागला नाही. मांडवीला रत्नागिरीकर काळा समुद्रच म्हणतात. या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. नेहमीच्या वाळूतलं क्वार्ट्झ पाण्याच्या 2.65 पट जड, तर इल्मेनाइट सुमारे 4.7 पट. परतणारी लाट हलके कण ओढून नेते, जड काळे मागे राहतात. कपाळावरच्या ठिपक्यासाठी मूर्तिकारांनी पांढऱ्या समुद्रावरची ओंजळभर वाळू पिशवीतून आणली होती. बोटाच्या टोकाने ती ते हलकेच दाबत होते.

दुपारी उन्हाने शिंगांची टोकं सुकायला लागली, तशी त्यांनी पिचकारीने पाण्याचा फवारा मारला. अगदी बेताचा.

संध्याकाळी भरती आली. लाट अजून दोन हात लांब होती, तरी पोटाखालची वाळू ओली होऊन चकाकायला लागली. पाणी खालूनच चढत होतं. आधी गुडघा बसला, मग मान.