कार्डाचं वजन आणि कार्डाची जाडी

जूनच्या शेवटी सावईवेऱ्याहून एक बाई फोंड्याला माझ्या छापखान्यात आल्या. त्यांचं कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग आहे. पर्यटकांना मिरी, जायफळ, सुपारीची झाडं दाखवतात, दुपारी केळीच्या पानावर जेवायला वाढतात. पर्समधून दोन व्हिजिटिंग कार्डं काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"काका, हे ३५० जीएसएमचं आणि हे ३०० चं. मग ३०० चंच हाताला जाड का लागतं? ३५० सांगून मला पातळ दिलं की काय?"

तसं काही नव्हतं. दोन्ही आकडे खरे होते. मायक्रोमीटरमध्ये धरून दाखवलं: ३५० चं कार्ड ३०५ मायक्रॉन भरलं, ३०० चं ३८० मायक्रॉन. आमच्या धंद्यात रोज होणारा घोटाळा हाच आहे. जीएसएम हे वजन आहे, एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. जाडी मोजायची ती मायक्रॉनमध्ये, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गिऱ्हाईक मागतं जाडी आणि बोलतं वजन. दुकानदारही तोच आकडा लिहून घेतो आणि कामाला लागतो.

फरक कुठून येतो ते मी त्यांना पिठावरून सांगितलं. एकाच वजनाच्या दोन गोळ्यांतला एक लाटून तव्यावर टाकला की पोळी होते, दुसरा पोदेराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पाववाल्याच्या, भट्टीत गेला की फुगून पोई, म्हणजे पाव होतो. तराजूत दोन्ही सारखेच. त्यांचं ३५० चं होतं ते आर्ट कार्ड, ही त्यातली पोळी. त्याच्यावर खडू आणि चिनी मातीसारख्या जड भुकटीचा थर चढवतात, मग रुळांखाली दाबून गुळगुळीत करतात. तंतूंमधली हवा निघून जाते. त्यांचं ३०० चं अनकोटेड होतं, म्हणजे असा थर नसलेलं; त्या कागदात हवा तशीच राहते, म्हणून तो कमी वजनातही भरीव लागतो.

मायक्रॉनला जीएसएमने भागलं की जो आकडा येतो त्याला आम्ही बल्क म्हणतो. आर्ट कार्डाचा बल्क साधारण ०.८ ते ०.९ असतो, अनकोटेडचा १.२ ते १.३. खोक्यांसाठी वापरतात त्या बोर्डाचा त्याहूनही जास्त असू शकतो. हा एक आकडा विचारला तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील असं मला मनापासून वाटतं.

कार्ड हातात घेतल्यावर 'भारी आहे' असं जे वाटतं, ते मुख्यतः ताठपणामुळे. बाकी सगळं सारखं असेल तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी सव्वापट झाली की ताठपणा जवळपास दुप्पट होतो. म्हणून ७०-८० मायक्रॉनचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला लगेच कळतो.

परदेशी वेबसाइट पाहून आलेली मंडळी '१६ पॉइंट', '३२ पॉइंट' मागतात. ही जाडीच आहे, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. एक पॉइंट म्हणजे २५.४ मायक्रॉन, तेव्हा १६ पॉइंट म्हणजे सुमारे ४०६ मायक्रॉन आणि ३२ पॉइंट म्हणजे ८१३. एटीएम कार्ड ७६० मायक्रॉनचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. माझं मत विचाराल तर ५५० ते ७६० च्या मधे थांबावं. त्याहून जाड कार्डं खिशात दहा घेतली की पाकीट मिटत नाही, आणि मग ती घरीच राहतात.

एवढी जाडी एका कागदात सहसा मिळत नाही. बऱ्याच डिजिटल मशीनमधून ३५०-४०० जीएसएमच्या पुढचा कागद जातच नाही. त्यामुळे दोन कागद छापून पाठीला पाठ लावून चिकटवतात. याला पेस्टिंग म्हणतात. दोन्ही कागदांचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, एकच हवी. आडवा-उभा लागला तर कार्ड पिळवटतं.

आणि गोव्यात ते फार लवकर पिळवटतं. हिंदुस्थानातलं पहिलं छपाईयंत्र १५५६ साली आमच्याच गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात बसलं. पावसाळ्यातल्या कागदाची काळजी तेव्हाच्या कारागिरांनाही करावी लागली असणार. कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, लॅमिनेशनची प्लास्टिक फिल्म पीत नाही. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं कार्ड जुलैत फिल्मच्या बाजूला वळतं ते यामुळे. करायचं तर दोन्ही बाजूंना करावं, नाहीतर करूच नये.

फिनिशही वजनावरून नाही, कागदाच्या पृष्ठभागावरून ठरतं. आर्ट कार्डावर मॅट किंवा वेलवेट लॅमिनेशन आणि त्यावर स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागीच दिलेला चकचकीत थर, छान उठतं, कारण खाली गुळगुळीत बैठक असते. तेच यूव्ही अनकोटेडवर टाकलं तर आत शोषलं जातं, चमक राहत नाही. उलट दाबून उमटवलेली अक्षरं अनकोटेडवर खोल बसतात. डाय, म्हणजे धातूचा ठसा, तापवून मारलेलं सोनेरी फॉइल दोन्हीकडे चालतं. मॅट आणि वेलवेट वेगळे आहेत. वेलवेट बोटाला मखमलीसारखं लागतं, साधं मॅट नुसती चमक घालवतं. गडद रंगावर साध्या मॅटला चरे पटकन दिसतात, म्हणून काळं किंवा गडद हिरवं कार्ड असेल तर वेलवेटचे जास्तीचे पैसे मी द्यायला सांगतो.

आलेलं कार्ड घरी तपासता येतं. ९० बाय ५४ मिलिमीटरची शंभर कार्डं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि ग्रॅमच्या आकड्याला २.०६ ने गुणा. उत्तर जीएसएममध्ये येतं. १४६ ग्रॅम म्हणजे ३००. लॅमिनेशन असेल तर फिल्मचं वजनही त्यात येतं, तेव्हा ३०० चं कार्ड ३५० च्या आसपास भरू शकतं. मग तीच गड्डी उभी धरून पट्टीने मोजा. शंभर कार्डांची ३८ मिलिमीटर गड्डी म्हणजे एक कार्ड ३८० मायक्रॉनचं.

बाईंना मी दोन कोऱ्या डमी दिल्या: ३०० चं अनकोटेड दुहेरी पेस्ट केलेलं, सुमारे ७६० मायक्रॉन, आणि ३५० चं आर्ट कार्ड दुहेरी, वर वेलवेट, ६६० च्या आसपास. आठ दिवस कुळागरात ठेवून बघा म्हटलं. तिथे पावसात भिंतीसुद्धा ओल्या असतात.

आठवड्याने त्या परत आल्या. वेलवेटचं कार्ड सरळ राहिलं होतं, अनकोटेडच्या कडा जराशा मळल्या होत्या. तरी त्यांनी अनकोटेडच घेतलं.

"जेवण झालं की लोक मसाले विकत घेतात, काका. कशाचं किती झालं ते मी कार्डाच्या मागे लिहून देते. त्या मखमलीवर माझं पेन उमटेना."

मागची बाजू कोरी ठेवली, पुढे एकाच शाईत नाव आणि मिरीचा घोस दाबून उमटवला. पेस्टिंगनंतर वजनाखाली एरवी एक रात्र ठेवतो, पावसामुळे या वेळी तीन ठेवली.