प्रसूती रजा आधी सुरू केली तर ती बुडते का?

‘कळवलेल्या तारखेआधी प्रसूती रजा सुरू केली, तर ते दिवस बिनपगारी धरले जातात’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा नाही, आणि त्याच्या भीतीने सूजलेल्या पायांनी लोकलचा प्रवास करत राहणाऱ्या स्त्रियांची काळजी वाटते.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मर्यादा आहे. मात्र त्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते.

डॉक्टरांच्या कागदावरची तारीख 30 जून असेल, तर कॅलेंडरवर 8 आठवडे मागे मोजावेत: 5 मे येते. आधी कळवलेल्या 2 जूनऐवजी 12 मेपासून रजा घेतली, तर आधी 7 आणि नंतर 19 आठवडे, म्हणजे बेरीज 26 च राहते. नवी तारीख लेखी कळवावीच. पण सूचना द्यायची राहिली म्हणून हक्क जात नाही, असेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. गरोदरपणामुळे आजार उद्भवल्यास, त्याचा पुरावा देऊन आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा वेगळी मिळते.