दुकानात पीएम-वाणी वाय-फाय सुरू करायचंय? लायसन लागत नाही

‘लायसन काढून देतो, एवढे भरा’ म्हणणारा कुणी दुकानात आला तर त्याला सरळ वाटेला लावा. पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फायच्या सरकारी योजनेत वाय-फाय देणाऱ्या दुकानदाराला, म्हणजे पीडीओला, ना परवाना लागतो, ना दूरसंचार विभागाकडे नोंदणी, ना सरकारी फी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना मंजूर केली ती याच अटीवर. नोंदणी लागते ती पीडीओए कंपन्यांना. दुकानदारांचं लॉगिन, हिशेब आणि ग्राहक घेतात त्या वाय-फाय कूपनांचं काम त्या बघतात.

पात्रतेचा फारसा प्रश्नच नाही. किराणा, चहाची टपरी, झेरॉक्सवाला, कुणीही चालतो. आपल्याकडे कोल्हापुरात मात्र मला दूध संस्था आणि तालीम या जागा सगळ्यांत सोयीच्या वाटतात. संस्थेत सकाळ-संध्याकाळ गाव येतंच, तालमीच्या कट्ट्यावर पोरं असतातच. मंडळाच्या नावानं घेणार असाल तर आधी बैठकीत ठराव करून ठेवा.

पहिलं काम म्हणजे फायबरची लाईन. इथंच खिसा कापला जातो. इंटरनेट कंपनी महागडी लीज्ड लाईन (फक्त तुमच्यासाठी राखीव जोडणी) गळ्यात मारायला लागली तर ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, जून २०२५ चा आदेश पुढे करा. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनसाठी पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. घरचा प्लॅन ५०० रुपयांचा असेल, तर तुमच्याकडून जास्तीत जास्त १,०००.

मग पीएम-वाणीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या यादीतून पीडीओए निवडायचा आणि करार करायचा. सहसा आधार, पॅन, बँक पासबुक, लाईट बिल आणि फोटो मागतात. शॉप अॅक्टची पावती असेल तर जवळ ठेवा. सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराच: कुपनामागे तुमचा वाटा किती, राउटरचे पैसे कुणाचे, आणि ज्या बाईकडे यूपीआय नाही तिला रोख घेऊन कूपन देता येईल का? राजेंद्रनगरसारख्या वस्तीत हा तिसरा प्रश्न पहिल्या दोनांपेक्षा मोठा. ग्राहकाला पीएम-वाणीच्या अॅपवर मोबाईल नंबरनं एकदा नोंदणी करावी लागते, तेवढी काउंटरवर तुम्हीच करून द्या.

गगनबावडा, शाहूवाडीकडच्यांनी राउटरबरोबर छोटा इन्व्हर्टरही घ्यावा. पावसाळ्यात लाईन चालू असली तरी लाईट गेली की फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात, म्हणून बॅकअप दोघांनाही जोडा.