एन५२ मधला आकडा आणि त्यामागची अक्षरे: निओडिमियम चुंबकांच्या ग्रेडची पार्श्वभूमी

निओडिमियम चुंबक घ्यायला गेले की एन३५, एन४२, एन५२, एन४२एसएच असे संकेत समोर येतात. बहुतेक जण आकडा पाहतात, मोठा आकडा म्हणजे जोरदार चुंबक असे धरून चालतात आणि मागच्या अक्षरांकडे लक्षच देत नाहीत. फसगत होते ती इथेच. आकडा आणि अक्षर ही दोन वेगळ्या गुणांची मापे आहेत आणि एक वाढवायला गेले की दुसरे बहुतेक वेळा कमी होते. असे का होते, हे या चुंबकाच्या जन्मकथेतून चांगले उलगडते.

आधी आकडा. ५२ म्हणजे ५२ मेगागॉस-ऊर्स्टेड. चुंबकाच्या आत एकाच वेळी दोन गोष्टी असतात: त्याची स्वतःची चुंबकीय घनता, जी गॉसमध्ये मोजतात, आणि त्याच्याच दोन ध्रुवांमुळे आत तयार होणारे उलटे क्षेत्र, जे ऊर्स्टेडमध्ये मोजतात. हे उलटे क्षेत्र चुंबकत्व पुसायला बघत असते. या दोन राशींचा गुणाकार चुंबकाच्या आकाराप्रमाणे बदलतो आणि तो जास्तीत जास्त जितका होऊ शकतो, तो ग्रेडचा आकडा. या धंद्यात त्याला बीएच मॅक्स म्हणतात. ठरावीक आकारमानाच्या चुंबकातून बाहेरच्या जागेत जास्तीत जास्त किती चुंबकीय ऊर्जा उभी करता येईल, याचे हे माप आहे. म्हणजे तो मालाचा गुण झाला. हातातला तुकडा किती ओढेल, हे त्यावरून थेट कळत नाही.

या एका मापावर गेल्या शतकाचा आलेख काढला तर तो चढत गेलेला दिसतो. साध्या कार्बन पोलादाचा चुंबक १ च्या बराच खाली. १९१७ मध्ये जपानच्या कोतारो होंडा यांनी कोबाल्ट घातलेले केएस पोलाद केले आणि आकडा १ च्या आसपास आला. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोह, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू शोधला. त्यातून पुढे अल्निको घराणे वाढले आणि त्यातल्या अल्निको ५ ने साधारण ५ गाठले. मग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून बेरियम फेराइट आले. त्याचा आकडा अल्निकोपेक्षा कमीच आहे, पण ते अतिशय स्वस्त आहे आणि सहजासहजी चुंबकत्व सोडत नाही. लाउडस्पीकरमागचे काळे कडे अजूनही बहुधा त्याचेच असते.

चुंबकत्व न सोडण्याच्या या गुणाला कोअर्सिव्हिटी म्हणतात: उलट्या क्षेत्रापुढे टिकून राहण्याची ताकद. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात चुंबक नेहमी घोड्याच्या नालेसारखा का असतो, याचे उत्तर याच गुणात आहे. जुन्या पोलादी चुंबकांची कोअर्सिव्हिटी इतकी कमी होती की आखूड आणि चपटा तुकडा केला, तर त्याचे स्वतःचेच उलटे क्षेत्र त्याला निकामी करायचे. म्हणून चुंबक लांब ठेवावा लागे आणि दोन्ही ध्रुव जवळ आणायचे तर तो वाकवावा लागे. आज नाण्यासारखी पातळ चकती जोरदार चुंबक असू शकते, ती कोअर्सिव्हिटी वाढली म्हणूनच. ग्रेडमागची अक्षरे नेमकी याच गुणाबद्दल बोलतात.

खरी उडी आली १९६० च्या दशकात. अमेरिकी हवाई दलाच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनॅट दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये (समारियम, निओडिमियम यांसारख्या धातूंचा गट) आणि कोबाल्ट यांची संयुगे तपासत होते. कोबाल्ट किंवा लोह भरपूर चुंबकत्व देतात, पण त्यांच्या चुंबकत्वाची दिशा सहज फिरते. दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचा अणू ती दिशा स्फटिकाच्या एका अक्षाला घट्ट जखडून ठेवतो. एक जोर देतो, दुसरा हट्ट. या जोडीतून समारियम-कोबाल्ट चुंबक जन्माला आला आणि १९७० च्या दशकात त्याने ३० पर्यंत मजल मारली.

अडचण कच्च्या मालाची होती. समारियम खनिजात थोडेच सापडते आणि कोबाल्टचा मोठा हिस्सा तेव्हाच्या झाईरेमधून, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून, येत असे. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, पुरवठा डळमळला आणि कोबाल्टच्या किमती कडाडल्या. कोबाल्टऐवजी लोह वापरता आले तर, हा प्रश्न अनेक प्रयोगशाळांत आधीपासून होता. आता तो निकडीचा झाला.

मासातो सागावा तेव्हा जपानमध्ये फुजित्सू कंपनीत समारियम-कोबाल्टवर काम करत होते. १९७८ च्या सुरुवातीला एका परिसंवादात त्यांनी मासाकी हमानो यांचे व्याख्यान ऐकले. लोह आणि दुर्मिळ मृदा यांची संयुगे चांगले चुंबक का होत नाहीत, याचे एक कारण हमानो यांनी सांगितले: त्यांत लोहाचे अणू एकमेकांच्या फार जवळ असतात, त्यामुळे चुंबकत्व डळमळीत राहते. सागावांच्या मनात आले की कार्बन किंवा बोरॉनसारखे लहान अणू मध्ये घुसवले तर लोहाच्या अणूंमधले अंतर वाढेल. ही समजूत पुढे खरी ठरली नाही. बोरॉन घातल्यावर जुन्या संयुगातले अंतर वाढले नाही, वेगळेच संयुग तयार झाले: निओडिमियमचे दोन, लोहाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू. विज्ञानात चुकीच्या नकाशाने योग्य गावी पोचल्याची याहून सुंदर उदाहरणे मला फारशी माहीत नाहीत.

कंपनीला या कामात रस नव्हता. सागावा १९८२ मध्ये ती सोडून सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांनी चुंबक करून दाखवला. त्यांची रीत पावडर भट्टीत भाजण्याची, म्हणजे सिंटरिंगची होती. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रात जॉन क्रोट अगदी वेगळ्या वाटेने त्याच संयुगापाशी पोचले होते. वितळलेला मिश्रधातू वेगाने फिरणाऱ्या चाकावर सोडून ते त्याच्या पातळ फिती क्षणात गोठवत. नोव्हेंबर १९८३ मध्ये पिट्सबर्गच्या एकाच परिषदेत दोघांनी आपापले काम मांडले. सागावांच्या चुंबकाचा आकडा होता ३६. ज्याला आज आपण जवळजवळ तळाचा ग्रेड समजतो, तो त्या दिवशी जगातला सर्वांत शक्तिशाली कायम चुंबक होता.

३६ पासून ५२ पर्यंतच्या वाटचालीत नवे संयुग आलेले नाही. संयुग तेच, सुधारली ती कारागिरी. या संयुगाची सैद्धांतिक मर्यादा ६४ आहे. तिथे पोचायचे तर तुकड्यातला प्रत्येक कण शुद्ध संयुगाचा हवा आणि सगळ्यांचे अक्ष एकाच दिशेला हवेत. म्हणून मिश्रधातू निर्वातात वितळवून त्याच्या पातळ पट्ट्या ओततात, हायड्रोजन शोषायला लावून त्या ठिसूळ करतात, मग वायूच्या झोतात दळून ३ ते ५ मायक्रॉनची पावडर करतात. ही पावडर जोरदार चुंबकीय क्षेत्रात दाबली की कण वळून एका रांगेत येतात, आणि मग सुमारे १०५० अंश सेल्सियसला ती भाजतात. या सगळ्यात ऑक्सिजन दूर ठेवावा लागतो, कारण निओडिमियम त्याच्यावर तुटून पडते. (तयार चुंबकावर निकेल-तांबे-निकेलचा मुलामा चढवतात तोही याचसाठी. मुलामा उडालेला चुंबक दमट हवेत हळूहळू भुकटी होत जातो.) प्रयोगशाळेत आकडा ५९ पर्यंत गेलेला आहे. बाजारात सहज मिळणारा वरचा ग्रेड ५२ आहे आणि त्याच्या वरचे एक-दोन ग्रेडही काही कारखाने देतात.

आता हा आकडा व्यवहारात किती फरक पाडतो ते पाहू. १० मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची चकती घ्या. ती एन४२ ची असेल तर तिच्या पृष्ठभागाच्या मध्यावर हिशेबाने साधारण ४,६०० गॉस येतात. एन५२ ची असेल तर साधारण ५,१००. फरक ११ टक्क्यांच्या आसपास. लोखंडाला चिकटण्याचा जोर क्षेत्राच्या वर्गाने वाढतो, म्हणून तिथे तो चोवीसेक टक्के पडतो. आता तीच एन५२ चकती ५ ऐवजी १ मिलिमीटर जाडीची घ्या. गॉस थेट १,४०० च्या आसपास उतरतात. ग्रेड तोच, व्यास तोच, फक्त जाडी बदलली. म्हणून चुंबक कमी पडतोय असे वाटले की आधी ग्रेड बदलण्याऐवजी जाडी वाढवून पाहावी, असे मी ठामपणे म्हणेन. जाहिरातींत दिसणारे ‘१४,५०० गॉस’ हेही याच गोंधळातून येते. तो आकडा एन५२ च्या मालात शिल्लक राहणाऱ्या चुंबकत्वाचा, म्हणजे रेमनन्सचा असतो. सुट्या चकतीच्या पृष्ठभागावर गॉसमीटर टेकवून तो कधीच दिसणार नाही.

आता अक्षरांकडे. या संयुगाचा उपजत दोष आहे उष्णता. त्याचे क्यूरी तापमान, म्हणजे जिथे चुंबकत्व पूर्ण नाहीसे होते ते तापमान, ३१२ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. समारियम-कोबाल्टचे ७०० च्या वर असते. पण त्रास ३१२ च्या खूप आधी सुरू होतो. साध्या एन ग्रेडची कोअर्सिव्हिटी २० अंशांना साधारण १२,००० ऊर्स्टेड असते आणि दर अंशामागे ती सुमारे ०.६ टक्क्यांनी घटते. १०० अंशांना ती जवळजवळ निम्मी उरते. रेमनन्स मात्र दर अंशाला फक्त ०.१२ टक्क्यांच्या आसपास कमी होतो आणि थंड झाल्यावर परत येतो. धोका आहे तो कोअर्सिव्हिटीचा. ती इतकी खाली आली की चुंबकाचे स्वतःचे उलटे क्षेत्र तिला भारी पडले, तर गेलेले चुंबकत्व थंड झाल्यावर परत येत नाही. चुंबक पुन्हा भारून घ्यावा लागतो.

चुंबक साधारण किती तापमानापर्यंत टिकतो, त्या क्रमाने अक्षरे लागतात. अक्षर नसेल तर ८० अंश, एम म्हणजे १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २०० आणि त्यापुढे एएच. प्रत्येक पायरीला कोअर्सिव्हिटीची किमान अट असते: एच ला १७,०००, एसएच ला २०,०००, यूएच ला २५,०००, ईएच ला ३०,००० ऊर्स्टेड. तापमानाचे आकडे मात्र अंदाजाचे धरावेत. पातळ चकतीत उलटे क्षेत्र जास्त असते, त्यामुळे ८० अंशांचा ग्रेड असूनही ती ६० च्या आसपासच हार खाऊ शकते. लांब दांडा किंवा लोखंडी चौकटीत बसवलेला चुंबक त्याहून जास्त सोसतो. भरवशाचे उत्तर उत्पादकाच्या माहितीपत्रकातल्या, त्या तापमानाच्या वक्ररेषेत मिळते. ती रेषा जिथे एकदम खाली वाकते, त्या जागेच्या वर आपला चुंबक राहिला पाहिजे.

कोअर्सिव्हिटी वाढवायची रीतही सागावांच्याच काळात सापडली: निओडिमियमचा थोडा भाग काढून तिथे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालायचे. यामुळे दिशा जखडण्याची ताकद खूप वाढते. पण या दोन्ही मूलद्रव्यांच्या अणूंचे चुंबकत्व लोहाच्या विरुद्ध दिशेने उभे राहते, त्यामुळे एकूण चुंबकत्व कमी होते. म्हणून एन५२ईएच असा ग्रेड कुठल्या यादीत सापडत नाही. ईएच हवे असेल तर आकडा तिशीच्या घरात किंवा फार तर चाळिशीच्या तोंडाशी येतो. सुरुवातीला या चुंबकांचे मोठे गिऱ्हाईक संगणकाच्या हार्ड डिस्कमधली वाचक भुजा हलवणारी मोटर हे होते. तिथे फारसे तापत नाही आणि साधा ग्रेड भागतो. हायब्रिड आणि विजेच्या गाड्या आल्यावर अक्षरांचे महत्त्व वाढले, कारण गाडीच्या मोटरीत चुंबक तापतो आणि वर गुंडाळीचे उलटे क्षेत्रही झेलतो.

डिस्प्रोसियम ही इथली दुखरी नस आहे. निओडिमियम त्यामानाने बरेच सापडते. डिस्प्रोसियम आणि टर्बियम मात्र बरीच वर्षे प्रामुख्याने दक्षिण चीनमधल्या मातकट साठ्यांतून आले. २०१० मध्ये चीन आणि जपान यांच्यात सेनकाकू बेटांवरून तणाव वाढला, निर्यातीला कात्री लागली आणि २०११ मध्ये दुर्मिळ मृदांच्या किमती भडकल्या. त्या धक्क्याने एक तंत्र झपाट्याने पुढे आले. डिस्प्रोसियम सगळ्या मिश्रधातूत मिसळण्याऐवजी तयार चुंबकाच्या पृष्ठभागावर लावून तापवायचे, म्हणजे ते कणांच्या सीमांवरून आत झिरपते. चुंबकत्व पालटायला सुरुवात सहसा कणाच्या कडेलाच होते, म्हणून मजबुती तिथेच दिली की पुरते. डिस्प्रोसियम कमी लागते आणि आकडाही फारसा घसरत नाही. मात्र जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ते पोचत नाही, म्हणून ही रीत काही मिलिमीटर जाडीपर्यंतच चांगली चालते.

नावे ठेवण्याची ही पद्धत बाजाराची आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या मानकात अशा चुंबकांच्या नावात दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात: पहिला ऊर्जेचा, किलोज्यूल प्रति घनमीटरमध्ये, आणि दुसरा कोअर्सिव्हिटीचा. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे दुसरा गुण अक्षराच्या आडोशाला जात नाही. पण व्यवहारात एन आणि मेगागॉस-ऊर्स्टेडच चालतात. रूपांतर हवे असेल तर एक मेगागॉस-ऊर्स्टेड म्हणजे जवळपास ८ किलोज्यूल प्रति घनमीटर.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या यादीत निओडिमियम नव्हते. डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, आणि ते घातलेले निओडिमियम चुंबकही होते. डिस्प्रोसियम किंवा टर्बियम न घातलेला साधा एन५२ या अटीतून सुटला. एसएच, यूएच आणि ईएच मागणाऱ्या मोटार कारखान्यांना परवान्याची वाट पाहावी लागली आणि काहींना उत्पादन थांबवावे लागले.