ग्रामीण डॉक्टरांचे प्रशिक्षण दवाखान्यापर्यंत कसे आले

पदवीनंतर शिकत राहण्याची सक्ती अमेरिकेत आधी जनरल प्रॅक्टिशनरांनीच स्वतःवर लादून घेतली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या अकादमीने सभासदत्व टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत १५० तासांचे शिक्षण बंधनकारक केले. तास मोजायला सोपे. पण एकटा डॉक्टर दोन दिवस प्रशिक्षणाला गेला की दवाखान्याला कुलूप, आणि बदली डॉक्टर सहसा मिळत नाही. शिवाय शहरातला तज्ज्ञ ज्या तपासण्या गृहीत धरून बोलतो, त्या खेड्यात नसतात.

१९७६ मध्ये नेब्रास्कात एक छोटे विमान कोसळले. ते चालवणारे हाडांचे सर्जन जेम्स स्टायनर वाचले, पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयातल्या उपचारांना काही क्रमच नव्हता, असे त्यांना दिसले. त्यांनी सहकाऱ्यांसह रचलेला, गंभीर जखमींवरच्या उपचारांचा अभ्यासक्रम १९७८ मध्ये त्याच राज्यातल्या ऑबर्न गावी पहिल्यांदा घेतला गेला. सूत्र साधे: आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, पूर्ण निदानासाठी थांबायचे नाही.

क्रम पाठ होतो, हात मात्र विसरतो. श्वास न घेणाऱ्या नवजात बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने (तोंडानाकावरचा मास्क आणि हाताने दाबायची पिशवी) श्वास द्यायला सुरुवात करायची असते, मिनिटाला ४० ते ६० या गतीने. छाती उचलली जात नसेल तर बहुधा मास्कच्या कडेने हवा गळते, किंवा मान पुढे झुकलेली अथवा फार मागे गेलेली असते. अशी वेळ क्वचित येते, म्हणून प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच सफाई जाते. वर्षातून एकदाच्या कार्यशाळेपेक्षा दवाखान्यात ठेवलेली बाहुली आणि दर आठवड्याला दहा मिनिटांचा सराव जास्त टिकतो.

जुनाट आजारांसाठी वेगळी वाट निघाली. २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी ‘इको’ हा उपक्रम सुरू केला. गावातला डॉक्टर नाव वगळून आपला रुग्ण व्हिडिओवर मांडतो, तज्ज्ञ सल्ला देतात, उपचार गावातच होतात. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निकाल आले: न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले, इकोच्या केंद्रांत ५८.२. तज्ज्ञाने केस सोडून व्याख्यान सुरू केले की ही बैठक बिघडते. तिचा तास ओपीडीच्या वेळेत आला की डॉक्टर कॅमेरा बंद करून रुग्ण तपासत बसतात. मास्कची पकड मात्र पडद्यावरून दुरुस्त होत नाही. त्यासाठी शेजारी उभी राहणारी अनुभवी नर्सच लागते.