पाळणाघराला अनुदान कोणत्या हिशेबानं मिळत आलं

बडोद्यात पाळणाघराला दोन नावं आहेत. दांडिया बाजारातल्या, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांत आपण पाळणाघर म्हणतो. दाराबाहेर पडलं की तेच घोडियाघर होतं. घोडियुं म्हणजे गुजरातीत पाळणा. माझी मावशी एका संस्थेतर्फे असं एक घोडियाघर चालवायची. बाहेर गुजराती पाटी, आत आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी आणि कोपऱ्यात गोधड्यांची चळत. धुणीभांडी करणाऱ्या, भाजीची हातगाडी लावणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बायकांची पंचवीस मुलं तिथं दिवस काढत.

केंद्र सरकारच्या 'पालना' योजनेमुळे हल्ली पाळणाघरांच्या अनुदानाची चौकशी पुन्हा सुरू झाली आहे. सरकार यासाठी पैसे देतं का, असं लोक विचारतात. देतं, आणि गेली सत्तर वर्षं देत आलं आहे. खरा प्रश्न आहे तो कुणाला, किती आणि काय समजून देतं हा. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

बडोदेकरांना सरकारी मदतीचा एक नमुना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. तेव्हा खेड्यातल्या वाचनालयाचा हिशेब तीन वाट्यांचा असे. गावानं शंभर रुपये जमवले की शंभर प्रांत पंचायत घालणार आणि शंभर सरकार. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लहानपणापासून जाणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकलेली असते. वाटा सगळ्यांचा, आणि तो कागदावर मोजलेला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच संस्थानात १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं गेलं. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या. त्या काळात हे केवढं मोठं पाऊल होतं, हे सांगायला नकोच. पण सात वर्षांखालचं मूल त्या कायद्याच्या बाहेर राहिलं. ते सांभाळायचं काम घराचं, म्हणजे बाईचं, आणि बाई कामावर गेली की थोरल्या बहिणीचं. कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेत कशी येणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्या वयाच्या मुलांचा विचार पहिल्यांदा नेटानं केला तो गुजराती-मराठी जोडगोळीनं. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेचं बालमंदिर काढलं. राजकोटला शिकवणाऱ्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी इथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभरातल्या सरकारी कागदांवर आहे. तो या दोघींच्या कामातून आलेला आहे. मराठी माणसानं हे अभिमानानं सांगावं असं मला मनापासून वाटतं. १९५७ नंतर हेच काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं.

त्या काळातली ही कामं देणग्यांवर आणि स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन चालत. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक पत्रापासून, शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती, पण शाळेआधीच्या वयाला त्यात जवळजवळ जागाच नव्हती. शिक्षणाचा आराखडा मांडणाऱ्या १९४४ च्या सार्जंट अहवालानं पहिल्यांदा ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी दहा लाख जागांची मोफत सोय करावी असं म्हटलं. ते म्हणण्यापुरतंच राहिलं.

पाळणाघराकडे जाणारी दुसरी वाट गिरण्यांतून आली, आणि ती जास्त कडू आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणकामगार बायकांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की कामावर जाताना तान्ह्याला अफूची गोळी चाटवणं ही सर्रास चालणारी गोष्ट होती. बाळ दिवसभर झोपून राहायचं. त्या आयांना दोष देणाऱ्यांनी त्यांच्याजागी दुसरा कोणता उपाय होता ते सांगावं. १९३१ मध्ये मजूरविषयक रॉयल कमिशननं पाळणाघरांची शिफारस केली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासहून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं झालं आणि १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. इथं खर्च मालकाचा, सरकारचा नाही. आकडा गाठू नये म्हणून बायका कमीच घ्यायच्या, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. आणि जी बाई कारखान्यातच नाही, घरोघर भांडी घासते किंवा बिडी वळते, तिला या कलमाचा उपयोग शून्य. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी 'मोबाइल क्रेशेस' (फिरती पाळणाघरं) सुरू केलं ते बांधकामाच्या खड्ड्याशेजारी ठेवलेली बाळं पाहूनच.

तिसरी वाट सरकारी अनुदानाची. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं. दुर्गाबाई देशमुख पहिल्या अध्यक्ष. कल्पना अशी की स्त्रिया आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था गावोगाव आहेतच, सरकारनं त्यांच्या हाताला हात द्यावा. बालवाड्या, महिला मंडळं, प्रौढ स्त्रियांचे वर्ग यांना त्यातून पैसा मिळू लागला. नव्या देशाच्या तिजोरीत फार नव्हतं आणि संस्थांजवळ जिव्हाळा होता, म्हणून ही वाट शहाणपणाचीच होती. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगानंही (१९६४-६६) पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांनी चालवावं आणि सरकारनं अनुदान द्यावं, असंच सांगितलं.

पण याच व्यवस्थेत एक गृहीत धरलेली गोष्ट शिरली. अनुदान 'स्वयंसेवी' संस्थेला, म्हणून तिथं काम करणारी बाईही स्वयंसेविका. तिला पगार नाही, मानधन. मूल सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे, हे तोवर बडोद्यातच शिकवलं जात होतं. हंसाबेन मेहता महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू असताना १९५० मध्ये इथं गृहविज्ञान शाखा सुरू झाली, आणि तिच्या बालविकास विभागाची चेतन बालवाडी ही शिकणाऱ्यांची प्रयोगशाळाच होती. मुलाच्या वाढीचे टप्पे, खेळ, बोलणं, आहार यांवर तिथं पदव्युत्तर अभ्यास होई. विद्यापीठात जो अभ्यासाचा विषय, तोच अनुदानाच्या तक्त्यात सेवाभाव ठरला.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. गुजरातमधला पहिला प्रकल्प आपल्याच, तेव्हाच्या बडोदा जिल्ह्यातल्या छोटा उदेपूरचा. आता तो वेगळा जिल्हा आहे. आहार, लसीकरण, तपासणी, शाळापूर्व शिक्षण, सगळं एका अंगणवाडीत. अंगणवाडी कार्यकर्तीला तेव्हा मॅट्रिक असेल तर महिना १५० रुपये, नसेल तर १००. शब्द तोच, मानधन. गुजरातेत मदतनीस बाईला 'तेडागर' म्हणतात. तेडवुं म्हणजे बोलावून, कडेवर घेऊन आणणं. घरोघर जाऊन मुलं गोळा करणारी म्हणून तेडागर. काम इतकं नेमकं सांगणारं नाव दुसऱ्या कुठल्या सरकारी पदाचं मला आठवत नाही. या मानधनाच्या शब्दावर २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, तोही दाहोद जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात: अंगणवाडीतल्या कार्यकर्त्या आणि तेडागर बहिणी ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. सत्तेचाळीस वर्षं लागली.

अंगणवाडी मात्र पाळणाघर नव्हे. ती काही तासच उघडी असते, आणि आईचं काम त्यानंतरही चालूच असतं. म्हणून १९७५ च्याच सुमारास नोकरी करणाऱ्या आणि आजारी आयांच्या मुलांसाठी पाळणाघरांची वेगळी अनुदान योजना निघाली. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी आला. १ जानेवारी २००६ पासून दोन्ही एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. मावशीचं घोडियाघर याच योजनेतलं.

तिचा हिशेब मला अजून पाठ आहे, कारण सुट्टीत मीच तिची वही लिहून द्यायचो. पंचवीस मुलं, महिन्याचे सव्वीस दिवस. दोन बायकांचं मानधन प्रत्येकी १००० रुपये. खाऊ मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे, म्हणजे महिन्याला १३५२. औषधं आणि किरकोळ ३५०. यातल्या खाऊ-औषधाच्या रकमेचे सरकार नव्वद टक्के देणार, उरलेले संस्थेनं घालायचे. एकूण अनुदान ३५३२ रुपये. मुलामागे दिवसाला साडेपाच रुपयेही होत नाहीत. मानधन दिवसाला ३८ रुपयांच्या आसपास पडायचं. तेव्हा देशातली किमान मजुरीची राष्ट्रीय तळरेषा ६६ रुपये होती.

२ रुपये ८ पैशांत काय येतं ते मावशीला विचारावं. ती गव्हाच्या पिठाची, गूळ घालून सुखडी करायची, कारण सुखडी टिकते आणि मुलाच्या मुठीत मावते. सोमवारी-गुरुवारी उसळ. एकदा हप्ता सात महिने आला नाही. कागद कुठल्या टेबलावर अडकला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. पैसे कशावर खर्च झाले त्याचं विनियोग प्रमाणपत्र पाठवलेलं, ऑडिट झालेलं, हजेरीपटावर तपासणीची सही झालेली. त्या सात महिन्यांत वाण्याच्या उधारीच्या वहीत मावशीच्या नावाचं पान भरलं आणि उलटून दुसरं सुरू झालं. तिनं एकही दिवस सुखडी चुकवली नाही. शेवटी हातातली एक बांगडी गेली. ही बांगडी अनुदानाच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. संस्थानातल्या वाचनालयात गावाचे शंभर रुपये निदान कागदावर मांडलेले असायचे.

कायद्याच्या बाजूनंही याच काळात एक सरकासरक झाली, तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचं मोफत शिक्षण होतं. मार्गदर्शक तत्त्वच, म्हणजे कोर्टात मागता न येणारं, पण त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क मिळाला आणि सहा वर्षांखालचं मूल ४५ व्या कलमातच राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही त्याच्यासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढंच आहे. 'करील' नाही. जे हक्कात बसत नाही ते योजनेवर अवलंबून राहतं, आणि योजनेचं नाव, वाटा, रक्कम दर काही वर्षांनी बदलते.

२०१७ मध्ये तसंच झालं. राष्ट्रीय पाळणाघर योजना राज्यांकडे गेली आणि खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३०, संस्था १० टक्के अशी ठरली. सेविकेला ३००० रुपये, मदतनिसाला १५००, खाऊसाठी मुलामागे दिवसाला १२ रुपये. रक्कम वाढली, पण आधीचे हप्ते थकलेल्या लहान संस्थांना स्वतःचे दहा टक्के उभे करणं जमेना. एकेकाळी देशभर अशी तेवीस हजारांवर पाळणाघरं होती. २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आत आली. मावशीचं त्याआधीच बंद झालं होतं. झोळीचं लुगडं तिनं धुऊन ट्रंकेत ठेवलं.

आताची 'पालना' ही २०२२ पासूनच्या मिशन शक्ती या केंद्राच्या महिलाविषयक कार्यक्रमाचा भाग आहे. पाळणाघर अंगणवाडीलाच जोडायचं, आणि अशी १७ हजार 'अंगणवाडी-सह-पाळणाघरं' देशभर उभी करायची, असं तिचं लक्ष्य आहे. केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. संस्थेवरचा भार यात कमी होतो, जागा आधीच असते, आहाराची साखळीही असते. मला ही दिशा बरोबर वाटते.

एक जुनी गोष्ट तेवढी तपासायला हवी. राष्ट्रीय योजनेत पाळणाघर दिवसाला साडेसात तास चालवायचं, असं लिहिलेलं होतं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली, म्हणजे औद्योगिक वसाहतीतली, पाळी आठ तासांची, वर जाण्यायेण्याचा तास. मावशीकडे शेवटची आई सात वाजता यायची. तोवर तिची पोरगी पायरीवर, चपला घालून, रस्त्याकडे तोंड करून बसलेली असायची, आणि मावशी तिच्या शेजारी.