सिरिंगोमायलिया, मणक्याच्या दुखापतीनंतरचा

मणक्याला मार लागून मज्जारज्जूला इजा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वीस-वीस वर्षांनीही, रज्जूच्या आत द्रवाने भरलेली लांबट पोकळी तयार होते. हाच हा विकार. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे वेळूची नळी. त्यावरून फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी १८२७ साली हे नाव दिले.

मार बसलेल्या जागी रज्जू आवरणाला चिकटतो आणि मेंदूपासून कमरेपर्यंत खेळणाऱ्या द्रवाची वाट अडते. खोकताना, कुंथताना दाब वाढून हा द्रव रज्जूत शिरतो आणि पोकळी वर सरकत जाते, असे मानले जाते. रज्जूला इजा झालेल्या शंभरात दहापेक्षा कमी जणांत लक्षणे दिसतात; एमआरआयमध्ये मात्र पोकळी त्याहून बऱ्याच जणांत सापडते.

वेदना आणि उष्णता वाहून नेणारे तंतू रज्जूच्या मध्यातून बाजू ओलांडतात, म्हणून आधी तेच तुटतात. स्पर्शाचे तंतू मागच्या बाजूने जातात, ते टिकतात. सोलापूरच्या घरात हे चुलीपाशी उघडे पडते: ज्वारीचे पीठ हाताला नीट लागते, भाकरी थापली जाते, पण तव्याचा चटका कळत नाही, संध्याकाळी बोटावर फोड दिसतो तेव्हा लक्षात येते. पाय गेल्यावर बसून विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग हळूहळू झिजतो आणि पानावर दोरा गुंडाळताना गाठ सुटू लागते. मानेत किंवा हातात नवे दुखणे, पायांचा वाढलेला ताठरपणा, एकाच बाजूला फुटणारा घाम हीही लक्षणे आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपुढे गेला की हा घाम उन्हाच्या नावावर खपतो आणि बाकीचे ‘जुनंच दुखणं’ म्हणून. पण जुनी इजा वर्षानुवर्षे स्थिर असताना सुन्नपणा आपणहून वर चढत नाही. चढला तर तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

निदान एमआरआयने होते. मणक्यात बसवलेल्या धातूच्या स्क्रूंमुळे चित्र धूसर येऊ शकते. शस्त्रक्रियेत चिकटलेले पापुद्रे सोडवून द्रवाची वाट मोकळी करतात, नाहीतर पोकळीतले पाणी बारीक नळीने छातीत वा पोटात सोडतात. ही नळी पुढे तुंबू शकते. गेलेली ताकद बहुधा परत येत नाही, झीज मात्र अनेकदा थांबते. म्हणून दर वर्षी डॉक्टरांकडून टाचणीने तपासून घेऊन, टोचलेले कोणत्या बरगडीपर्यंत कळते हे तारखेसह फाइलमध्ये लिहून ठेवावे.